परक्या हाती किल्ली देताना

पूर्वी बाहेरचा हिशेबनीस पेढीवर कीर्द-खतावणी तपासावयास येई, तेव्हा त्याच्यापुढे नेमक्या तेवढ्याच वह्या ठेवल्या जात. तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा कोणी त्याच्या हाती देत नसे. आता वह्या सर्व्हरवर गेल्या. पुष्कळदा तीन-चार पेढ्यांचे हिशेब एकाच सामाईक सर्व्हरवर असतात, आणि हिशेबनीस परगावाहून त्यात प्रवेश करतो. अशा वेळी सोयीखातर मालकाचाच पासवर्ड त्यास कळविला जातो. हे जुडगाच हाती देणे होय. आणि त्यात शेजारच्या पेढीच्याही किल्ल्या असतात!

२०१३ साली अमेरिकेतील 'टार्गेट' या दुकानांच्या मोठ्या कंपनीस याचा कटू अनुभव आला. शीतयंत्रणेचे काम करणाऱ्या एका बाहेरील कंत्राटदाराचा पासवर्ड चोरांच्या हाती लागला. त्या वाटेने ते आत शिरले आणि दुकानांतील गल्ल्यांच्या यंत्रांपर्यंत पोहोचून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती घेऊन गेले. कंत्राटदाराने चोरी केली नव्हती. परंतु त्यास दिलेली वाट जेथे थांबावयास हवी होती, तेथे थांबली नाही.

यास्तव तीन नियम पाळावेत.

पहिला, बाहेरच्या प्रत्येक व्यक्तीचे खाते स्वतंत्र असावे, म्हणजे कोण केव्हा आले याची नोंद राहते.

दुसरा, खात्यास कामापुरताच अधिकार द्यावा. लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएचमध्ये 'सीएच-रूट डिरेक्टरी' ही तजवीज आहे. तिने खाते एका फोल्डरात बंदिस्त होते. सोबत 'इंटरनल-एसएफटीपी'ची सक्ती केली, की फाइलींच्या देवघेवीपलीकडे त्यास काही करता येत नाही. तो फोल्डर मात्र 'रूट'च्याच मालकीचा असावा व इतर कोणास त्यात लिहिता येऊ नये. एरवी प्रवेशच मिळत नाही. फाइली ठेवण्यासाठी आत निराळा फोल्डर करून द्यावा. पोर्ट फॉरवर्डिंगही बंद करावे, नाहीतर तेथून इतर यंत्रांकडे वाट फुटते.

तिसरा, खात्यास मुदत घालावी, आणि काम आधी आटोपल्यास ते त्याच दिवशी बंद करावे.

यात हिशेबनिसाविषयी अविश्वास मुळीच नाही. उद्या काही गहाळ झाले, तर ज्याच्या हाती एकच किल्ली होती त्याच्यावर साऱ्या तिजोरीचा आळ येत नाही. मर्यादा ही पेढीच्या पतीइतकीच त्या प्रामाणिक माणसाच्या अब्रूचीही राखण करते.