व्हायझरचा बोल्ट का पडतो

माझी हिरो होंडा करिझ्मा जुनी. नंबर प्लेट अजून एमएच ०४ ची, म्हणजे वसई-विरारला स्वतंत्र एमएच ४८ मिळण्याआधीची. २००३ साली २२३ सीसीची ही गाडी आली, तेव्हा अर्ध्या फेअरिंगची आणि लांबच्या पल्ल्याची गाडी म्हणून पोरं तिच्यामागे वेडी होती. पुढे हिरो आणि होंडा वेगळे झाले, गाडी जुनी झाली. आता इंजिनाचं किरकोळ सामान शोधलं तर मिळतं. व्हायझरचे बोल्ट मागितले की काउंटरवरचा माणूस आख्खा व्हायझर पुढे करतो. शिरसाड फाट्यावरून पारोळमार्गे वज्रेश्वरी, तिथून पुढे जव्हारपर्यंतच्या रस्त्यांनी माझ्या गाडीचे बरेच बोल्ट गिळलेत. त्यातून जमा झालेलं हे.

१. एक पडला तर सगळेच बघा. पडलेल्याचा भार शेजारच्यांवर जातो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ४० वरून ८० वर गेलात की व्हायझरवरचा दाब चौपट होतो. गावात नुसता खडखडणारा व्हायझर हायवेवर भोकापाशी तडकतो तो याचमुळे. मागून टॉर्च मारा, भोकाच्या कडेला केसाएवढी रेघ दिसते का बघा. दिसलीच तर रेघेच्या अगदी टोकावर ३ मिलिमीटरचं बारीक भोक पाडा. ड्रिल हळू, हात हलका. चीर सहसा तिथेच थांबते.

२. बोल्ट जातो, पण मूळ दुखणं बहुतेक वेळा रबराचं असतं. व्हायझर धरायच्या पद्धती दोन-तीन आहेत: कुठे पत्र्याचा क्लिप-नट, कुठे फेअरिंगमध्येच बसवलेली पितळी आट्यांची बुशिंग, कुठे रबरी नट. माझ्या गाडीवर रबरी नट आहेत, आणि कारागिरी त्यातच आहे. रबराची छोटी नळी, वर टोपीसारखी कड, खालच्या टोकाला आत पितळी नट. बोल्ट आवळला की पितळ वर ओढलं जातं, नळी मधोमध फुगते आणि फेअरिंगला मागून धरते. लोखंड प्लॅस्टिकला कुठेच थेट भिडत नाही. हादरे रबर खातं. उन्हात, पावसात काही वर्षं गेली की हेच रबर कडक होतं, फुगायचं विसरतं. मग बोल्ट कितीही आवळा, खड्ड्यांत सुटणारच. त्यामुळे जुन्या रबरात नवा बोल्ट घालायला माझा मिस्त्री सरळ नकार देतो, आणि मला तो पटतो.

३. दुकानात तोंडी माप सांगू नका. वालीव-सातिवलीकडे गाळ्यांच्या आसपास नट-बोल्टची दुकानं आहेत, पहिला प्रश्न ठरलेला, “काका, नमुना आणलाय का?” शिल्लक बोल्ट काढून खिशात घेऊन जा. पाच आणि सहा मिलिमीटर नजरेला सारखेच वाटतात, आटे मात्र वेगळे: पाचला साधारणपणे ०.८ चा पिच, सहाला १ चा. दुकानातला नट हाताने फिरवून बघा. दोन वेढ्यांत अडकला तर ते माप नाही. लांबीही जुन्याएवढीच हवी. आखूड बोल्ट पितळापर्यंत पुरता पोचत नाही, लांब बोल्ट मागच्या मीटरला किंवा वायरिंगला टोचू शकतो. वसईत मिळालं नाही तर लोकल पकडून मशीद बंदरला उतरा आणि नागदेवी स्ट्रीट गाठा. तिथे पाचच बोल्ट मागितलेत तर कपाळाला आठी पडेल, पण मिळतील.

४. राजोडी, कळंब, अर्नाळा या पट्ट्यात राहत असाल तर काळ्या बोल्टचा मोह टाळा. एक पावसाळा, की भोकाखाली तांबड्या गंजाचे ओघळ. स्टेनलेस घ्या. त्यातही खाऱ्या हवेत ३०४ ला कालांतराने चहासारखे डाग येतात. ३१६ जास्त टिकतं, महागही पडतं. लोहचुंबकाने स्टेनलेस ओळखायची लोकांना खोड असते, तिच्यावर विसंबू नका. घडवताना दाबलेला ३०४ चा बोल्टही थोडासा चिकटतो.

५. उरलेला बोल्ट फिरतोय पण निघत नाही, म्हणजे आतलं पितळ रबरात सुटून सोबत फिरतंय. जोर लावून उपयोग नाही. बोल्टच्या डोक्याखाली पातळ पट्टी सरकवून वर ताण द्या आणि ताणातच उलटा फिरवा. तरी नाही, तर मागून पक्कड. तिथे हात पोचत नसेल तर रबराची कड ब्लेडने कापायची आणि उरलेलं आत ढकलायचं. तेवढं ढकललेलं मात्र शोधून काढा, नाहीतर पुढचे सहा महिने फेअरिंगमध्ये काय खुळखुळतंय ते शोधत बसाल.

६. नवं रबर साबणाच्या पाण्याने सरकतं. ग्रीस-तेल नको, रबर खराब होतं. बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा वायसर हवाच. आधी सगळे बोल्ट नुसते पकडवून ठेवा, मग मधल्यापासून सुरुवात करून थोडे थोडे आवळा. एलन की लांब दांड्याकडून बोल्टमध्ये घाला आणि आखूड दांडा दोन बोटांत धरून फिरवा. एवढ्यात जेवढा जोर बसेल तेवढाच पुरे. रबर किंचित फुगलं, व्हायझर डुगडुगायचा थांबला, की हात काढा.

७. फेविक्विक नको, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. धातूच्या आट्यांना लावायचं लॉक-टाइट नको, पॉलिकार्बोनेट त्याने तडकतं. पेट्रोलने पुसणं तर नकोच.

८. जोडकाम झालं की एक लहान चक्कर मारा. मी वसई फाटा ते विरार फाटा एवढा हायवे धरतो. खड्डे तिथे भरपूर, मुद्दाम शोधावे लागत नाहीत. परत आल्यावर बोटाने प्रत्येक बोल्ट चाचपायचा. ढिला लागला तर पाव वेढा, अधिक नाही. आणि सगळे घट्ट असूनही आवाज येत असेल, तर व्हायझरला सोडा आणि मीटरमागचा ब्रॅकेट धरून हलवून बघा.