दुवा आणि त्याचा शेजार

एखाद्या विद्वानाने आपल्या ग्रंथात दुसऱ्या ग्रंथाचा आधार घेतला, की त्या ग्रंथाची प्रतिष्ठा वाढते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये हेच तत्त्व महाजालातील पृष्ठांना लावले. एका पृष्ठावरून दुसऱ्याकडे नेणारा दुवा ही एक प्रकारची साक्षच होय. साक्षी जितक्या अधिक आणि साक्षीदार पृष्ठ जितके मान्यवर, तितका शोधयंत्राच्या यादीत त्या पृष्ठाचा क्रम वरचा.

परंतु ही साक्ष कशाविषयीची? समजा, भातावरील करपा रोगाची माहिती देणाऱ्या पृष्ठाकडे दोन दुवे येतात. एक दुवा बुरशी, बियाणे आणि फवारणी यांचे विवेचन करणाऱ्या लेखात आहे. दुसरा एका पर्यटनविषयक पृष्ठाच्या तळाशी, असंबद्ध नावांच्या रांगेत आहे. नुसती मोजणी केल्यास दोन्ही सारखेच ठरतात. सुज्ञ वाचक मात्र पहिल्यावरच विश्वास ठेवील.

यंत्रालाही हा विवेक शिकवता येईल काय, याचा शोध १९९८ मध्येच आयबीएम कंपनीच्या अल्माडेन येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झालेले सौमेन चक्रवर्ती त्यांपैकी एक होत. त्यांच्या पद्धतीत दुव्याच्या दोन्ही बाजूंची सुमारे पन्नास-पन्नास अक्षरे तपासली जात. शोधविषयाचे शब्द तेथे जितक्या वेळा आढळत, तितके त्या दुव्याचे वजन वाढे.

केवळ दुव्यातील शब्दांवर विसंबणे किती धोक्याचे, हे २००३ मध्ये दिसून आले. अनेकांनी संगनमताने 'दारुण अपयश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा दुवा अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या चरित्रपृष्ठाला जोडला. गूगलवर ते शब्द शोधताच तेच पृष्ठ अग्रस्थानी येऊ लागले. जानेवारी २००७ मध्ये गूगलने आपल्या गणितात त्यावर उपाय योजला.

गूगलला २०१० मध्ये मिळालेल्या एका पेटंटात, वाचक कोणत्या दुव्यावरून पुढे जाण्याचा संभव अधिक, याचा विचार आहे. दुव्याची पृष्ठावरील जागा, अक्षरांचा आकार आणि आसपासचे शब्द यांची त्यात गणना होते. पेटंटातील प्रत्येक गोष्ट प्रत्यक्ष वापरात असतेच असे नव्हे. तथापि विचाराची दिशा त्यातून स्पष्ट होते.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. दुवे विकत घेता येतात. अशी विकत घेतलेली साक्ष खरी मानली गेली, तर करप्यावर उपाय शोधणाऱ्या शेतकऱ्यापुढे तज्ज्ञाच्या सल्ल्याऐवजी विक्रेत्याची जाहिरात येईल आणि त्याचा हंगाम हातचा जाईल. म्हणूनच साक्ष तोलताना तिचा शेजारही पाहावा लागतो.