घागर मोडीत जाण्याआधी

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय आहे जलरंगातलं स्थिरचित्र, म्हणजे घरातल्या साध्यासुध्या वस्तूंचं चित्र.

शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी मी तांब्या, कांदे, वांगी पुष्कळ रंगवली, पण मार्कांसाठी. सुंदर चित्राला समुद्र, डोंगर लागतात असंच वाटायचं. आता आपल्या धाराशिवकडे समुद्र कुठून आणायचा?

गेल्या दिवाळीत आईने माळ्यावरून आजीची पितळी घागर काढली. माझी फी भरायची होती आणि मोडवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. माझ्या हातात फक्त एक दुपार होती.

घागर खिडकीपाशी ठेवली, ट्यूबलाइट बंद केली. उजेड एकाच बाजूने आला की गोलाई कळते.

आधी आकार. इंजिनिअरिंग ग्राफिक्समध्ये घागरीच्या तोंडाचा टॉप व्ह्यू वर्तुळ आणि फ्रंट व्ह्यू सरळ रेघ. डोळ्यांना दिसतं ते मात्र लंबवर्तुळ. नजरेच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितकं ते फुगीर दिसतं. म्हणून तोंड चपटं आणि बूड जास्त गोल काढायचं.

मग उजेड. जलरंगात शक्यतो पांढरा रंग लावत नाहीत, कागदच पांढरा. जिथे चमक आहे ती जागा आधीपासून कोरी सोडायची. फिक्याकडून गडदाकडे जायचं आणि पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, नाहीतर चिखल होतो.

मग रंग. पितळ पिवळं असतं असं आपण धरून चालतो. नीट पाहिलं तर खिडकीकडे आभाळाचा निळा, खाली फरशीचा तांबूस. मी यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना वापरले. सावलीला काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, सावली जिवंत वाटते.

घागरीला एक पोचा होता. तो मी गाळणारच होते. आई म्हणाली, "राहू दे गं तो. बाहत्तरच्या दुष्काळात विहिरीवर रेटारेटी झाली, तेव्हा आजीची घागर दगडावर आपटली होती." तो पोचा रंगवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीच्या हातात समई देऊन चित्र केलं. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते जगप्रसिद्ध चित्र जलरंगातच आहे. आणि आपल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात काचेआड ठेवलेली मातीची भांडी? तीही कधीतरी कुणाच्या रोजच्या वापरातलीच होती.

दुसऱ्या दिवशी मोडवाल्याने घागर काट्यावर ठेवली. त्याला फक्त वजन बघायचं होतं. फी भरली गेली. चित्र माझ्या होस्टेलच्या रूमवर आहे. आई फोनवर विचारते, "घागर बरी आहे ना?"

तुमच्या रूमवर बादली असेल, मग असेल, घरून आलेला डबा असेल. रविवारी एक तास त्यातलं काहीही खिडकीपाशी ठेवा आणि नुसतं बघा. ब्रश नंतर उचलला तरी चालेल. फक्त वस्तू मोडीत निघायची वाट बघू नका.