देवगिरीचा वैद्य : एका खेळातील नव्या पेशाची मांडणी

पट म्हटला की आपल्याला सोंगट्या आणि कवड्या आठवतात. परंतु पटाभोवती बसून, एकेक पात्र अंगी घेऊन, बोलता बोलता कथा घडवत नेण्याचाही एक खेळ आहे. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला आणि तेथून हा प्रकार जगभर पसरला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे पात्रे होतात. अवघड प्रसंगी यशापयश फासा ठरवतो. मूळ खेळात पात्रांचे पेशे तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. गुणकारी रसायने होती, पण ती बहुधा खजिन्यात सापडत. ती करणाऱ्याचा निराळा पेशा नव्हता.

आपापले नियम घरी रचावेत, ही या खेळातील मान्य रीत आहे. म्हणून दौलताबादच्या किल्ल्यावर आमचा खेळ मांडताना मी 'वैद्य' हा पेशा रचला. त्यासाठी दूर जावे लागले नाही. यादवांच्या देवगिरीत केशव वैद्याने 'सिद्धमंत्र' लिहिला. त्याचा मुलगा बोपदेव याने त्यावर टीका केली व 'शतश्लोकी' हा औषधींचा ग्रंथ रचला. प्रधान हेमाद्री यानेही वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली.

अशा पेशात मुख्य धोका हा, की हवे ते औषध हवे तेव्हा निघू लागले तर वैद्य आणि जादूगार यांत फरक उरत नाही. वैद्याचे सामर्थ्य तयारीत आहे. तेव्हा मर्यादाही तयारीचीच हवी. ती शार्ङ्गधरसंहितेत आयती सापडते. त्या ग्रंथाप्रमाणे चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी कमी होतो, गुटिका व अवलेह वर्षभर टिकतात, आसव मात्र जुने होईल तितके चांगले. काढा सोळापट पाण्यात उकळून अष्टमांश उरवायचा.

यावरून मी तीन नियम केले. पहिला : रोज पहाटे वैद्याला पायरीपेक्षा दोन अधिक इतके 'तयारीचे गुण' मिळतात. काढ्याला एक गुण लागतो, पण तो सूर्यास्तापर्यंतच चालतो. चूर्णाला दोन लागतात व ते दोन महिने टिकते. आसवाला तीन लागतात आणि ते मुक्कामाच्या जागीच घालता येते. दुसरा : बटव्यात सहाच औषधे मावतात. तिसरा : औषध देताना अनुपान निवडायचे. मधाबरोबर दिल्यास गुण लगेच येतो, तुपाबरोबर दिल्यास उशिरा, पण दुप्पट वेळ राहतो. हे अर्थात खेळापुरतेच. खऱ्या दुखण्याला खरा वैद्य गाठावा.

किल्ल्यातील अंधारीचे उदाहरण घेऊ. या काळोख्या भुयारात शत्रूला धुराने कोंडण्याची सोय होती. ज्या वैद्याने आदल्या दिवशी चौकशी करून पहाटेच अडुळशाचा काढा केला, त्याच्या सोबत्यांना धुरातील फाशावर दोन गुण अधिक मिळतात. ज्याने चौकशी केली नाही, त्याचा बटवा भरलेला असूनही उपयोगाचा नाही.

वैद्याला मी 'द्रव्यपरीक्षा' हेही कसब दिले आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरी वेढली तेव्हा घाईने गडावर चढवलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकीकत सांगतात. तो प्रसंग खेळात आला, तर पहिल्याच दिवशी गोणी उघडून पाहील असे पात्र लढवय्याही नव्हे आणि जादूगारही नव्हे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. पण कोणती पाने कधी खुडावीत आणि काय किती दिवस ठेवावे, हे तिला अचूक ठाऊक आहे. गडाच्या गोष्टींत अशा माणसांना सहसा जागा मिळत नाही. खेळात ती देता येते, आणि नियम नीट असले तर ती दयेने दिलेली जागा नसते : सोबत्यांना त्या पात्रावाचून पुढे जाताच येत नाही. नवा पेशा रचणाऱ्या मित्रमैत्रिणींनी म्हणून आधी एवढेच ठरवावे, की आपल्या पात्राला काय करता येणार नाही. बाकीचे नियम त्यातूनच सुचत जातात.