कप उघडल्यावर

धुळे

चि. वर्षास,


परवा फोन मध्येच कटला, म्हणून लिहायला बसले. दम्याच्या पेशंटच्या थुंकीतल्या पेशी मोजायचं काम तिकडे जळगावात तुझ्याकडे आलं, बरं झालं. माझी नोकरी टीबीच्या स्लाइडी बघण्यात गेली, तरी कपात आलंय काय हे ओळखणं दोन्हीकडे सारखंच. तू सारखी स्टेनचं विचारत होतीस. स्टेन आठवडाभरात हाताला बसेल. आकडा खरा येणार की खोटा, हे त्याच्या आधीच ठरलेलं असतं.

पेशंटला नुसतं "थुंकी द्या" म्हटलं की तो लाळच देणार. आधी साध्या पाण्याने खळखळून चुळा भरायला लाव. मशेरीचे काळे कण, तंबाखू, कळण्याच्या भाकरीचा चुरा, सगळं कपात येतं. मग खोल श्वास घेऊन छातीतून खोकायला सांग. म्हातारी अहिराणी बोलणारी असली तर अहिराणीतच सांग, लाजणं कमी होतं. काहीच निघत नसेल तर तीव्र सलाइनचा नेब्युलायझर देतात. त्याने दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आखडू शकतात, म्हणून आधी साल्ब्युटामॉल आणि डॉक्टर जवळ. हे डॉक्टरांचं काम, तू अंगावर घेऊ नकोस.

खरं काम पुढे. नमुना पेट्रीडिशमध्ये ओत, खाली काळा कागद ठेव. लाळ पातळ, फेसाळ, डिश कलती केली की पळते. बेडक्याच्या गुठळ्या दाट, पांढुरक्या किंवा पिवळट, तळाला धरून राहतात. बारीक फोर्सेप्सने त्या हलकेच ओढत लाळेतून बाहेर काढायच्या. तांदूळ निवडायला बसल्यासारखं निवांत बसायचं. गुठळ्यांचं वजन आधी लिही, कारण एकूण पेशी ग्रॅममागे सांगायच्या असतात. एक ग्रॅम असेल तर चार मिली 0.1 टक्का डीटीटी, ताजं केलेलं. थोडं व्होर्टेक्स, पंधरा मिनिटं रॉकरवर, मग तेवढंच पीबीएस घालून 48 मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळ. डीटीटी चिकटपणा तोडतं, पेशी सुट्या होतात. घाईत गुठळी अर्धवट विरघळली, तर पेशी तिच्यातच अडकून जाळीवर राहतात.

न्यूबॉअर चेंबरवर ट्रिपॅन ब्लू घालून मोजताना तीन गोष्टी लिही: एकूण पेशी, निळ्या पडलेल्या म्हणजे मेलेल्या किती, आणि तोंडातल्या चपट्या स्क्वेमस पेशी किती. स्क्वेमस 20 टक्क्यांच्या वर गेल्या तर त्या नमुन्यावर भरवसा ठेवायचा नाही. टीबीत लाळेची स्लाइड निगेटिव्ह आली तरी दुसरा नमुना मागवता येतो. इथे लाळेतूनही आकडा येतो आणि तो रिपोर्टवर अगदी व्यवस्थित दिसतो, कोणाला शंका येत नाही. मला याचीच जास्त धास्ती वाटते. सायटोस्पिनच्या स्लाइडवर स्क्वेमस सोडून 400 पेशी मोज. इओसिनोफिल 3 टक्क्यांच्या वर असतील तर इनहेलरमधल्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टर तो आकडा आधी बघतील. जिनिंगमधला कामगार असला किंवा विडी ओढणारा असला तर न्यूट्रोफिल जास्त दिसू शकतात. रिपोर्टच्या फॉर्मवर धंदा विचारणारी ओळ नसेल तर तूच एका बाजूला लिही.

ही पद्धत 1990 च्या दशकात कॅनडातल्या हॅमिल्टनला फ्रेडरिक हारग्रीव्ह यांच्या गटाने बसवली. तिथल्या आणि आपल्या प्रयोगशाळेत एक मोठा फरक आहे. आपल्याकडे आलेला प्रत्येक कप टीबीचाच समजायचा. डीटीटीने टीबीचे जंतू मरत नाहीत, उलट व्होर्टेक्स आणि सायटोस्पिनने बारीक तुषार उडतात. तेव्हा टीबीची तपासणी आधी, बाकीचं सेफ्टी कॅबिनेटमध्ये, एन-95 लावून. कॅबिनेट नसेल तर काम सुरूच करू नकोस; डॉक्टर रागावले तरी चालेल.

आणि तुमचा तो मे महिना! पारा 45 वर गेला की बाहेर ठेवलेल्या कपातल्या पेशी फुटायला लागतात. दोन तासांत प्रोसेस कर, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेव, फ्रीजरमध्ये नको. वरणगावहून बसने आलेला सकाळचा कप दुपारी मोजू नकोस, पेशंटलाच तुझ्याकडे खोकायला बोलाव.

दिवाळीत येशील तेव्हा दोन-तीन स्लाइडी घेऊन ये. माझा जुना मायक्रोस्कोप अजून चालतो.

तुझी,
मावशी