मधल्या जागेची राखण : फुटबॉलमधील बचावात्मक मध्यरक्षकाचा पाठ

प्राथमिक शाळेच्या मैदानावर फुटबॉल प्रथमच आला म्हणजे पहिले काही दिवस एकच दृश्य दिसते. चेंडू जिकडे जाईल तिकडे, गुळाला मुंगळे लागावेत तशी, सगळी मुले धावतात. मागे एकटा गोलरक्षक उरतो आणि मधली जागा ओस पडते. अशा वेळी प्रतिपक्षाच्या एखाद्या मुलाने त्या घोळक्यातून चेंडू बाहेर काढला, तर त्याला अडविणारे कोणीच नसते. ही मधली जागा जो राखतो, त्या खेळाडूस बचावात्मक मध्यरक्षक म्हणतात. त्याचे काम कोणते, ते इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांना कसे शिकवावे आणि त्याचे मोल शिक्षकाने कसे करावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. ही जागा कोणती?

अकरा जणांच्या संघात गोलरक्षकापुढे बचावपटूंची फळी असते, तिच्यापुढे मध्यरक्षकांची आणि सर्वांत पुढे आघाडीच्या खेळाडूंची. बचावफळी व इतर मध्यरक्षक यांच्यामधला जो पट्टा, ते या खेळाडूचे क्षेत्र होय. पूर्वी मधल्या पट्ट्यातील खेळाडूंस हाफबॅक म्हणत. ते नाव जुन्या शिक्षकांच्या परिचयाचे असेल.

ज्या मुलांनी फुटबॉल पाहिलेला नाही, त्यांना कबड्डीचा दाखला द्यावा. कोपऱ्यावरचा गडी चढाई करणाऱ्याचा पाय पकडतो व टाळ्या घेतो. परंतु त्याच्या शेजारचा गडी परतीची वाट बंद करतो, म्हणूनच ती पकड टिकते. फुटबॉलमध्ये वाट बंद करण्याचे हे काम प्रामुख्याने बचावात्मक मध्यरक्षकाकडे येते.

२. त्याची चार कामे

(अ) वाट अडविणे. चेंडूमागे धावत सुटणे हे त्याचे काम नव्हे. चेंडू आणि आपला गोल यांच्यामध्ये उभे राहून प्रतिपक्षाला सरळ वाटेऐवजी कडेची लांबची वाट धरावयास लावणे, हे त्याचे पहिले काम.

(आ) चेंडू मध्येच घेणे. प्रतिपक्षाचा खेळाडू कोणाकडे पाहतो, त्याचे पाऊल कोणत्या दिशेला वळले आहे, यावरून चेंडू कोठे जाणार हे ओळखावे आणि तेथे आधी पोचावे.

(इ) सोबत्याची जागा भरणे. कडेचा बचावपटू आक्रमणासाठी पुढे गेला की त्याची जागा मोकळी पडते. कोणी न सांगता तेथे जाऊन उभे राहणे हे काम सर्वांत कठीण, कारण त्यासाठी स्वतःच्या चेंडूपेक्षा सोबत्याच्या पावलांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

(ई) मिळालेला चेंडू सुखरूप पुढे देणे. हिसकावलेला चेंडू घाईने कोठेही भिरकावला, तर तो पुन्हा प्रतिपक्षाकडेच जातो व सर्व श्रम वाया जातात. आपल्या चिखलोलीच्या मुलांना हे धरणावरून चटकन समजते. धरणाने पाणी नुसते अडवून भागत नाही. अडविलेले पाणी अंबरनाथच्या नळांपर्यंत पोचले तरच धरणाचा उपयोग.

३. आपल्याकडील काही उदाहरणे

१९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. त्या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, आणि पेशाने शिक्षक होते, ही गोष्ट आपण शिक्षकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. अंतिम सामन्यातील दोन गोल प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनी केले आणि ती नावे सर्वांच्या तोंडी राहिली. त्याच संघात मधल्या पट्ट्यात फोर्तुनातो फ्रँको हे गोमंतकीय खेळाडू होते. ते मुंबईच्या टाटा संघाकडून आणि पुढे गोव्याच्या साळगावकर संघाकडून खेळले. २०२१ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा सुवर्णपदक विजेत्या संघात आपल्या भागातील असा एक खेळाडू होता, हे कित्येकांना प्रथमच कळले.

दुसरे उदाहरण गोव्याच्याच क्लायमॅक्स लॉरेन्स यांचे. धेंपो संघाने २००८, २०१० व २०१२ साली आय-लीगचे विजेतेपद मिळविले, त्या काळात त्या संघाचा मधला पट्टा राखणाऱ्यांत ते प्रमुख होते. २००८ सालच्या एएफसी चॅलेंज चषक स्पर्धेत हैदराबाद येथे अफगाणिस्तानविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटणार असे दिसत असता, अगदी अखेरच्या क्षणी त्यांनी गोल केला व भारत १-० असा जिंकला. पुढे ती स्पर्धा जिंकल्यामुळे २०११ सालच्या आशियाई चषकात भारताला प्रवेश मिळाला. १९८४ नंतर असा योग प्रथमच आला होता. लॉरेन्स यांचे नाव निघाले की लोक तो एक गोल आठवतात. त्यांनी वर्षानुवर्षे जे गोल होऊ दिले नाहीत, त्यांची मोजदाद मात्र कोणत्याही धावफलकावर नाही.

मोठ्या संघांचाही येथे अंदाज चुकतो. स्पेनच्या रेआल माद्रिद संघाने २००३ साली क्लोद माकेलेले या बचावात्मक मध्यरक्षकास जाऊ दिले आणि त्यानंतर त्या संघाला लीगचे विजेतेपद थेट २००७ सालीच पुन्हा मिळाले. माकेलेले ज्या चेल्सी संघात गेले, त्या संघाने २००४-०५ च्या हंगामात ३८ सामन्यांत केवळ १५ गोल होऊ दिले व पन्नास वर्षांनंतर इंग्लंडचे विजेतेपद मिळविले. एकाच खेळाडूमुळे हे सर्व घडले असे म्हणता येणार नाही; परंतु त्या जागेचे महत्त्व यावरून दिसते. २०२४ साली जगातील सर्वोत्कृष्ट खेळाडूस दिला जाणारा बालोन द'ओर हा सन्मान स्पेनच्या रोद्री या बचावात्मक मध्यरक्षकास मिळाला, ही समाधानाची गोष्ट होय.

४. मैदानावरील पाठ

साहित्य : चार क्रमांकाचा चेंडू, चुन्याची फक्की, शिट्टी. वेळ : ४० मिनिटे. मुलामुलींना एकत्र घ्यावे. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याच जिल्ह्यात, नवी मुंबईत झाला, हे त्यांना आवर्जून सांगावे.

पहिली कृती (१० मिनिटे) – मागे पाहणे. मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने चेंडू द्यावा, दुसऱ्याने घ्यावा. चेंडू घेणाऱ्याच्या मागे तिसऱ्या मुलाने हाताची बोटे वर करावीत. चेंडू पायाशी येण्यापूर्वी मान वळवून किती बोटे आहेत, हे घेणाऱ्याने मोठ्याने सांगावे. पाठीमागे काय चालले आहे, हे आधी पाहण्याची सवय यातून लागते.

दुसरी कृती (१० मिनिटे) – दोन दारे. फक्कीने दहा पावलांच्या अंतरावर दोन लहान दारे आखावीत. एका मुलाने ती राखावीत व दोघांनी चेंडू एकमेकांस देत त्यांतून नेण्याचा प्रयत्न करावा. राखणाऱ्याने चेंडूवर झडप घालण्याची घाई करू नये. गुडघे किंचित वाकवून, अंग थोडे तिरके ठेवून, एक दार झाकीत दुसऱ्याकडे लक्ष ठेवावे.

तिसरी कृती (१५ मिनिटे) – मधला पट्टा. सात-सात जणांचा सामना खेळावा. मैदानाच्या मधोमध आडवा पट्टा आखून त्यात प्रत्येक संघाचा एकच खेळाडू ठेवावा. त्याने पट्टा सोडू नये. त्याने चेंडू मिळवून सोबत्यास अचूक दिला तर संघास एक गुण, गोल झाल्यास दोन गुण द्यावेत. दर तीन मिनिटांनी पट्ट्यातील मूल बदलावे, म्हणजे पुष्कळ मुलांना ती जागा अनुभवता येईल.

उरलेल्या पाच मिनिटांत मुलांना मैदानावरच बसवून, कोणी कोणाची जागा भरली, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे.

५. मूल्यमापन : एक अनुभव

काही वर्षांपूर्वी या परिसरातील शाळांच्या सामन्यांस मी पाहुणा म्हणून गेलो होतो. उत्कृष्ट खेळाडू निवडण्याचे काम मजकडे होते. दोन गोल करणाऱ्या मुलास मी ते बक्षीस दिले. समारंभ आटोपल्यावर विजयी संघाच्या बाईंनी आपली वही माझ्यापुढे धरली. "साहेब, आमची मधली मुलगी पाहिलीत का?" असे त्यांनी विचारले. वहीत त्या मुलीच्या नावापुढे चौदा उभ्या रेघा होत्या. चौदा वेळा तिने चेंडू मध्येच घेतला होता. तीस वर्षे मी शिक्षकांना निरीक्षणाचे महत्त्व सांगत आलो. पण त्या एका तासात मी तिला एकदाही पाहिले नव्हते.

पुढच्या वर्षी सरावाच्या पहिल्या दिवशी ती मुलगी बाईंना म्हणाली, "बाई, मला पुढे खेळवा. मधे राहिलं की कोणी बघत नाही." हे बाईंनी मला सांगितले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. चूक तिची नव्हती आणि बाईंचीही नव्हती. जे मोजले जाते तेच मुले करू लागतात, आणि काय मोजावयाचे हे आपण ठरवितो.

तेव्हापासून आमच्याकडील सामन्यांत गोलांच्या नोंदीशेजारी आणखी तीन रकाने ठेवितो : मध्येच घेतलेले चेंडू, सोबत्यास अचूक दिलेले चेंडू व भरलेली जागा. नोंद ठेवण्याचे काम राखीव मुलांकडे द्यावे. त्यामुळे त्यांचीही नजर तयार होते. सामना संपल्यावर या नोंदी सर्वांसमक्ष वाचून दाखवाव्यात. त्या मुलीच्या चौदा रेघा बाईंनी त्याच आठवड्यात वर्गात वाचून दाखविल्या. त्या वर्षी ती मधल्या पट्ट्यातच खेळली.

मैदानावर जी मुले अशी नजरेआड राहतात, त्यांच्यासारखी मुले वर्गातही असतात. गटकार्यात सर्वांचे साहित्य गोळा करणारी, अडलेल्यास हळूच शब्द सुचविणारी, भांडण पेटण्यापूर्वीच मिटविणारी. प्रगतिपुस्तकातील वर्णनात्मक नोंदी लिहिताना त्यांची आठवण ठेवावी.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

१. आपल्या शाळेतील एका सामन्यात वरील तीन रकान्यांची नोंद करा. सर्वाधिक गोल करणारे मूल व सर्वाधिक नोंदी असणारे मूल एकच आहे काय?
२. खो-खो किंवा लंगडी यांमध्ये सोबत्याची जागा भरण्याचे काम कोठे येते, ते मुलांशी चर्चा करून लिहा.
३. आपल्या वर्गातील ज्या मुलाविषयी वर्षभरात एकही विशेष नोंद झालेली नाही, त्याचे आठ दिवस निरीक्षण करून दहा ओळी लिहा व केंद्राच्या पुढील बैठकीस सोबत आणा.