रंगरूट होण्यापूर्वी

सैन्यात भरती होणे आणि सैनिक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा निकाल मैदानावर एका सकाळी लागतो. दुसरीला प्रशिक्षण केंद्रातले कित्येक महिने लागतात. आपले अनेक मित्र पहिलीची तयारी नेटाने करीत आहेत. दुसरीचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

भरतीत १.६ किलोमीटर धाव साडेपाच मिनिटांत पुरी करणाऱ्यास ६० गुण आणि बीमवर दहा वेळा अंग वर ओढणाऱ्यास ४० गुण मिळतात. साहजिकच पहाटेच्या अंधारात डांबरी सडकेवर रोज तेच अंतर, तोच वेग असा सराव चालतो. परंतु केंद्रातला दिवस साडेपाच मिनिटांचा नसतो. पी.टी., कवायत, शस्त्रांचे शिक्षण, अडथळ्यांची शर्यत, पाठीवर ओझे घेऊन लांबची चाल असे सारे तेथे दिवसामागून दिवस चालते.

येथे शरीराचा एक नियम ध्यानात घ्यावा. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात. हाडांना मात्र महिने लागतात. श्रम एकाएकी वाढले की नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. जगभरच्या सैन्यांतील रंगरुटांना होणारी ही नेहमीची दुखापत आहे. तिला विश्रांतीवाचून उपाय नाही, आणि तोवर आपली तुकडी पुढे निघून जाते. २०२२ पासून अग्निवीराची सेवा चार वर्षांची झाली आहे व प्रशिक्षणही त्यातच धरले जाते. तेव्हा वाया गेलेला महिना लहान नव्हे.

म्हणून तयारी निदान चार-सहा महिने आधी सुरू करावी. आठवड्यातून एक-दोन दिवसच वेगाने धावावे. एरवी बोलता येईल इतक्या संथ गतीने, शक्यतो मातीच्या वाटेने. अंतर थोडेथोडे वाढवावे. जोर, बैठका चालू ठेवाव्यात. पाठीवर ओझे घेऊन चालण्याचा सराव शेवटी, हलक्या वजनापासून करावा. एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. नडगीवर एकाच जागी दाबल्यास दुखत असेल, तर वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये, डॉक्टरांना दाखवावे. भाकरी, उसळ, शेंगदाणे, दूध किंवा अंडी पोटभर मिळाली तर महागड्या डब्यांतल्या भुकटीची गरज नाही.

मनाची तयारी याहून अवघड. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला आहे. घर दूर, आज्ञा हिंदीत, शेजारचा सोबती अनोळखी. तेथे उस्ताद ओरडतात ते आपल्या आईबापांचा उद्धार करण्यासाठी नव्हे. गोळीबाराच्या मैदानावर ‘थांब’ म्हटल्याक्षणी हात थांबला नाही तर शेजाऱ्याचा जीव जाऊ शकतो. ती सवय कवायतीतच लागते. एकाच्या चुकीची शिक्षा अनेकदा सगळ्यांना भोगावी लागते. त्यातून दुसऱ्याचा पट्टा नीट बसला की नाही हे पाहण्याची दृष्टी येते.

याचा सराव घरीच करता येतो. आपले कपडे आपण धुवावेत, अंथरूण आपण घडी करावे, बूट चमकवावेत, रात्री दहाला मोबाईल दूर ठेवून झोपावे. एन.सी.सी.चे दहा दिवसांचे शिबिर मिळाले तर अवश्य करावे; रांगेत उभे राहून जेवण्यापासून पुष्कळ शिकायला मिळते.

ज्यांच्या घरी कोणी फौजी आहे, त्यांच्या कानावर हे लहानपणापासून पडते. आमच्यासारख्या अनेकांच्या घरी ते सांगणारे कोणी नाही. गावोगावी निवृत्त जवान आहेत. जिमखान्याने वर्षातून एकदा तरी त्यांना बोलवावे आणि धावण्याच्या वेळेखेरीज इतर प्रश्नही आपण त्यांना विचारावेत, एवढीच विनंती.